सेकंडची गाडी : अर्धा बैल, अर्धा सातबारा

जालना जिल्ह्यात वापरलेल्या गाडीला ‘सेकंड’ म्हणतात. ‘सेकंडमध्ये घेतली’ एवढं सांगितलं की पुढचं ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं असतं. आरसीवर मालकाचा अनुक्रमांक चार असला तरी बोलण्यात गाडी सेकंडच राहते. थर्ड आणि फोर्थ हे शब्द विकणाऱ्याच्या तोंडात बसत नाहीत.

गाडी पाहण्याची इथली रीत बैलबाजारातून आलेली आहे. बैल घेताना जबडा उघडून दात मोजतात, आदत आहे की चार दाती की जुळलेला ते ठरवतात, खुरं बघतात, चार पावलं चालवून पाहतात आणि भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरतो. गाडीपाशीही तेच घडतं. एक जण टायरला लाथ मारतो. त्या लाथेतून टायरविषयी काय कळतं हे मारणाऱ्यालाही सांगता येत नाही, पण न मारल्यास गिऱ्हाईक नवखं ठरतं. दुसरा बॉनेट उघडून विहिरीत डोकावल्यासारखा आत बघतो. तिसरा, बहुधा मेव्हणा, दार जोरात लावून आवाज ऐकतो आणि मान हलवतो. चौथा असतो मिस्त्री. तो काहीच करत नाही, कारण ही गाडी त्यानं आधी दोनदा दुरुस्त केलेली असते. बैलाची परीक्षा म्हणून हे सगळं ठीकच. अडचण एवढीच की गाडी हा अर्धाच बैल आहे. उरलेला अर्धा भाग जमिनीसारखा कागदावर असतो, आणि सातबारा पाहिल्याशिवाय एक गुंठाही न घेणारा माणूस आरसी न पाहता गाडी दारात आणून उभी करतो.

आधी बैलाचं. गाडी सकाळी, इंजिन गार असताना पाहावी. ‘अकराला या’ असा निरोप आला की नऊलाच जावं. बॉनेटवर हात ठेवल्यावर गरम लागलं, तर पाहुणे येण्याआधीच गाडी एकदा धक्क्यानं चालू करून झालेली आहे असं धरावं. धूर निळा असेल तर ऑइल जळतंय; काळा असेल तर डिझेल जास्त किंवा हवा कमी; पांढरा आणि गरम झाल्यावरही न थांबणारा असेल तर पाणी इंजिनात शिरतंय. चालू इंजिनावर ऑइलचं झाकण सैल करून नुसतं ठेवावं. ते नाचायला लागलं आणि खालून भकभक वाफारा आला, तर त्याला मिस्त्री ‘बॅक कम्प्रेशन’ म्हणतात. पिस्टनच्या रिंगा गेल्या, म्हणजे इंजिन उघडण्याचा खर्च आला. यावर विकणाऱ्याचं उत्तर ठरलेलं असतं : ‘एवढं तर राहतंच तात्या, डिझेल गाडी हाय. तेल टाका अन् चालवा.’ कोणतं तेल, किती दिवसांनी आणि कुणाच्या पैशानं, हे विचारण्याची पद्धत नाही.

धुतलेल्या गाडीकडे इतर शहरांत कौतुकानं बघतात. जालन्यात संशयानं बघावं. ज्या शहरात जायकवाडीचं पाणी नळाला कित्येक दिवसांच्या अंतरानं येतं, तिथं टाकीतलं पाणी गाडीवर ओतणारा माणूस एक तर ती विकायला निघालेला असतो किंवा काहीतरी झाकायला. मॅटवर अत्तराचा वास दरवळत असेल तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढावा. पुरात बुडालेल्या गाडीचं बाकी सगळं घासून निघतं. बेल्टच्या शेवटच्या वीतभर भागावरची गाळाची रेघ मात्र राहून जाते.

खिशात एक लोहचुंबक ठेवावं, पातळ फडक्यात गुंडाळून, म्हणजे रंगाला ओरखडा जात नाही. पत्र्यावरून फिरवताना ते एका जागी सुटून पडलं, की तिथं पत्रा नाही, पुट्टी आहे. जालन्यासारख्या पोलादाच्या गावात याचं नवल वाटायला नको; इथल्या भंगाराच्या वजनकाट्यावर वर्षानुवर्षं हीच परीक्षा चालते.

मीटरवरच्या आकड्यावर विश्वास ठेवायचाच असेल तर आधी क्लचच्या पेडलचं रबर पाहावं. मीटर मागे फिरवता येतो, झिजलेलं रबर भरून येत नाही. रबर गुळगुळीत आणि मीटर तीस हजारांवर, हे जुळत नाही; रबर कोरं करकरीत आणि गाडी बारा वर्षांची, हे तर त्याहून जुळत नाही. ‘पुण्याच्या साहेबाची गाडी, रविवारीच काढायचे’ या वाक्यालाही हेच लागू. साहेब रविवारी काढत असतील, पण उरलेले सहा दिवस तीच गाडी कुणीतरी हिंजवडीच्या गर्दीत पहिल्या गिअरमध्ये उभी ठेवलेली असते. किलोमीटर कमी, इंजिनाचे तास भरपूर, आणि क्लचप्लेट शेवटच्या घटका मोजत.

टायरच्या बाबतीत नक्षी पाहून भागत नाही. बाजूला लंबगोलात चार आकडे असतात : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३२१६ म्हणजे २०१६ चा बत्तिसावा आठवडा. टायर न झिजताही म्हातारं होतं, रबराला भेगा जातात. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा खुला झाला आणि जालन्याच्या जुन्या गाड्यांना ताशी १२० ची मुभा मिळाली. मंठ्याच्या रस्त्यावर पन्नाशीत डुलत जाणारं टायर काँक्रीटवर तासभर तापलं की त्याचं खरं वय तिथं कळतं. लाथ मारण्याऐवजी वाकून हे चार आकडे वाचावेत. कमरेला त्रास तेवढाच होतो.

आता सातबारा. गाडीचा फेरफार ज्यानं होतो त्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मांना सगळा महाराष्ट्र ‘टीटी फॉर्म’ म्हणतो. मोटार वाहन कायद्याचं ५० वं कलम सांगतं की राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत कळवावं. व्यवहारात याची जागा ‘खुल्या टीटी’नं घेतली आहे : कोऱ्या फॉर्मवर विकणाऱ्याची सही, घेणाऱ्याचं नाव मोकळं. अशी गाडी अंबडहून घनसावंगीला, तिथून परतूरला, परतूरहून सेलूला हातोहात जाते आणि कागदावर मात्र अंबडच्या दारातच उभी असते. सोबत पाचशेच्या बाँडवर नोटरी असते, तिच्यात ‘आजपासून सर्व जबाबदारी घेणाराची राहील’ असं ठाशीव वाक्य असतं, आणि तेवढ्यावर दोन्ही पार्ट्या चहा पितात.

या चहाचं बिल कुणी भरायचं ते सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१८ मध्ये सांगितलं. त्या प्रकरणात गाडी एकापाठोपाठ एक हात बदलत गेली होती, नोंद मात्र पहिल्याच्याच नावावर होती, आणि २००९ मध्ये अपघात झाला. भरपाईची जबाबदारी नोंद असलेल्या मालकावर आली. गाडी शेवटची कधी पाहिली हेही ज्याला आठवत नसेल, तोच कायद्यानं तिचा मालक. विकणाऱ्याला टीटीची घाई घेणाऱ्यापेक्षा जास्त असायला हवी ती यासाठी. जिल्ह्यात चित्र उलटं दिसतं. विकणारा पैसे मोजून निर्धास्त झोपतो आणि ई-चलानाचे मेसेज येऊ लागले की नंबर ब्लॉक करतो.

गाडी एखाद्या डीलरकडे विकायला ठेवली तर डिसेंबर २०२२ च्या दुरुस्तीनं सोय केली आहे : नोंदणीकृत डीलरला गाडी सोपवल्याची सूचना २९-सी फॉर्मवर दिली की गाडी पुढे विकली जाईपर्यंत तो डीलरच तिचा मालक मानला जातो. अशा डीलरच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, गाडीच्या पूर्ण किमतीवर नव्हे. डिसेंबर २०२४ मध्ये हा दर जाहीर झाला तेव्हा शेजाऱ्याला स्कूटर विकणारेही घाबरले होते. खाजगी माणसानं खाजगी माणसाला विकलेल्या गाडीचा या कराशी संबंध नाही.

जमिनीसारखाच गाडीवरही बोजा असतो. आरसीवर बँकेचं किंवा फायनान्सचं नाव असेल तर हप्ते फिटल्याचं तोंडी आश्वासन पुरत नाही. ना-देय दाखला आणि ३५ नंबरचा फॉर्म लागतो. बोजा आहे की नाही हे, विम्याची तारीख आणि थकलेल्या चलानांसह, परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर नंबर टाकून दिसतं. विमा आपल्या नावावर करून घ्यायलाही १४ दिवसच मिळतात. नो क्लेम बोनस मात्र गाडीबरोबर येत नाही, तो माणसाबरोबर राहतो. सुनेबरोबर माहेरची सवय यावी तसा तो गाडीबरोबर येईल अशी आशा करू नये.

ट्रॅक्टरच्या बाबतीत एक चौकशी वेगळी. गोदावरी किंवा दुधनेच्या काठचा ट्रॅक्टर असेल तर तो नांगराला जास्त चालला की वाळूला, हे आधी काढावं. जमीन महसूल संहितेच्या ४८ व्या कलमाखाली बेकायदा वाळूसाठी पकडलेला ट्रॅक्टर तहसीलच्या आवारात महिनोन्‌महिने उभा राहतो, आणि तिथून सुटलेला माल स्वस्तात निघतो. ट्रॉलीच्या सांध्यांत बारीक वाळू दिसली तर किमतीत दंडाचा आकडा धरून बोलावं.

परदेशातून जुनी गाडी आणण्याचा विचार इथं सहसा कुणाच्या मनात येत नाही, आणि आला तरी टिकत नाही. गाडी तीन वर्षांहून जुनी चालत नाही, स्टिअरिंग उजवीकडे हवं, आणि शुल्क असं की फार वर्षं मूळ सीमाशुल्कच सव्वाशे टक्के होतं. गाडीच्या पैशात गाडी आणि वर सवा गाडी सरकारला. जालन्याची खरी आयात दिल्लीहून होते. २०१५ मध्ये हरित लवादानं तिथं दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी केली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती उचलून धरली, आणि तिथली दणकट डिझेल मॉडेलं निम्म्या भावात दक्षिणेकडे निघाली. इथं त्यांचा भाव ऐकून लोकांचे डोळे विस्फारतात. मग हिशेब सुरू होतो : तिथल्या आरटीओची एनओसी, बारा महिन्यांच्या आत एमएच २१ चा नवा नंबर, आणि महाराष्ट्राचा एकरकमी कर. तो नव्या खाजगी गाडीला पेट्रोलवर ११ टक्क्यांपासून आणि डिझेलवर १३ पासून सुरू होतो. जुन्या गाडीला वयाप्रमाणे कमी लागतो. दिल्लीत भरलेल्या करातले उरलेल्या वर्षांचे पैसे परत मागता येतात. मागायला दिल्लीला जावं लागतं, आणि तिथल्या खिडकीवर दुसऱ्यांदा गेलेला जालनेकर अजून कुणी पाहिलेला नाही.

पंधरा वर्षं झालेल्या खाजगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते, आणि २०१० पासून वर पर्यावरण कर आहे. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना नवी सुरक्षा पाटीही बसवायची : दुचाकीला आणि ट्रॅक्टरला ४५०, तीनचाकीला ५००, चारचाकीला ७४५ रुपये, अधिक जीएसटी. तिची मुदत इतक्या वेळा वाढली की ती पाळणाऱ्यांनाच चुकल्यासारखं वाटू लागलं.

दुरुस्तीचा क्रम शास्त्राप्रमाणे असा : ब्रेक, टायर, रेडिएटर, मग ऑइल-फिल्टर आणि टायमिंग बेल्ट, शेवटी रंग. बेल्ट कधी बदलला होता ते माहीत नसेल तर बदलूनच टाकावा; तो तुटला की अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. रेडिएटरात बोअरचं पाणी भरू नये, इथल्या पाण्यातल्या क्षारांनी बारीक नळ्या चुलीवरच्या पातेल्यासारख्या पांढऱ्या होतात. प्रत्यक्षात क्रम वेगळा असतो. पहिल्या दिवशी राजूरच्या गणपतीला हार, दुसऱ्या दिवशी स्पीकर, तिसऱ्या दिवशी मागच्या काचेवर ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’. ब्रेकची आठवण बदनापूरच्या उतारावर होते. मिस्त्री मग गाडीखाली जातो आणि आतून एकच वाक्य येतं : ‘खोलून बघावं लागंल.’

पुष्कळदा खोलून बघितल्यावर गाडी परत जोडण्यात अर्थ उरत नाही. तेव्हा ती अधिकृत स्क्रॅप केंद्रात देऊन दाखला घ्यावा आणि नोंदणी रद्द करून घ्यावी. त्या दाखल्यावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळते. नुसती भंगारवाल्याला दिली तर कागदावर ती जिवंतच राहते आणि तिच्या नंबरची पाटी कुठल्या गाडीवर फिरेल ते सांगता येत नाही. पत्र्याची वाट मात्र दोन्हीकडून बहुधा एकच, औद्योगिक वसाहतीतल्या इंडक्शन भट्टीकडे. तिथं चेसिसही वितळतं आणि पुट्टीखालचा उरलासुरला पत्राही, आणि त्याची सळई होऊन निघते. टनाच्या भावानं, वजन करून, पक्क्या बिलावर.