साहेबाच्या देशातली मोरी

रेडिंग, इंग्लंड
नागपंचमीचा आदला दिवस

ती. आईस आणि ती. बाबांस,
धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार.

लावणी उरकल्याचं दादानं कळवलं. माहुलीवर ढग बसल्याचा फोटोही मिळाला. इथल्या मित्रांना तो दाखवला, तर ते म्हणाले, "सुंदर आहे, पण किल्ला कुठे दिसतोय?" म्हटलं, दिवाळीनंतर दिसेल.

आई, तू दादाला विचारलंस म्हणे, सूनबाई हल्ली फोनवर तुटक का बोलते, दोघांचं काही वाजलंय का. वाजलंय, पण आमचं दोघांचं नाही. भांड्यांवरून वाजलंय, तेही सगळ्या घराशी. फोनवर हे सांगता येत नाही. इथे ती शेजारी असते, आणि तिथे रेंज ओट्यावरच येते, म्हणजे तुझ्याबरोबर अख्खी आळी ऐकते. म्हणून हा कागद. दादाकडून वाचून घे, वहिनी दळणाला गेली असेल तेव्हा.

आधी घर समजून घे. वर चार खोल्या, खाली एक स्वयंपाकघर. एका खोलीत आम्ही दोघं आणि पोरगी, शेजारी केरळची नर्स आणि तिचा नवरा, पलीकडे पोलंडचा एक ट्रक ड्रायव्हर आणि जिन्याशेजारी बेकरीत रात्रपाळी करणारा इंग्रज पोरगा. माणसं सात, सिंक एक. वेगवेगळ्या घरची पाच किंवा जास्त माणसं अशी एका छपराखाली ठेवायची तर मालकाला कौन्सिलचा परवाना काढावा लागतो. आगीचे दरवाजे, धुराचे भोंगे, सगळं तपासलं जातं. आपल्याकडे एका चुलीवर अठरा माणसं जेवायची आणि परवाना लागायचा तो फक्त आजीचा. भोंग्याचं विचारू नकोस. मोहरी तडतडली की तो आधी ओरडतो आणि मग सगळे वरून खाली येऊन आज काय केलंय ते विचारतात.

सिंकला नळ दोन. एकातून पौषातल्या पहाटेचं पाणी येतं, दुसऱ्यातून चहाचं आधण. हात धुवायला यांच्या मधलं पाणी हवं असेल, तर ते ज्यानं त्यानं जमवायचं. म्हणून इथल्या जुन्या घरांत सिंकमध्ये प्लास्टिकचं एक टब ठेवलेलं असतं, आणि सगळं रामायण त्या टबात घडतं.

इंग्रज पोरगा भांडी कशी घासतो ते ऐक. टबात गरम पाणी घेतो आणि फेस काठावर येईपर्यंत साबण पिळतो. आधी ग्लास, मग चमचे, मग ताटल्या, सगळ्यात शेवटी तेलकट पातेली. हा क्रम तो कधी मोडत नाही, आणि खरं सांगू, क्रम चांगलाच आहे. ताटली बुडवली, स्पंज फिरवला, उचलली आणि फेसासकट जाळीवर उभी केली. झालं. वरून पाणी घालायचं नाही. फेस आपला सावकाश ताटलीवरून खाली उतरतो, कडेला थेंब होऊन लोंबतो, आणि उरलेला फडक्यानं पुसून ताटली कपाटात जाते. तुझी सून दाराशी उभी राहून बघत होती. दोन ताटल्या होईपर्यंत तिला वाटलं, शेवटी सगळ्या एकदम विसळेल. सहाव्या ताटलीला तिनं माझा दंड धरला.

तेव्हापासून ती कपाटातलं प्रत्येक भांडं जेवणाआधी नळाखाली धरते. नळ पुरता मोकळा सोडून, एकेक ताटली दोन्ही बाजूंनी. त्या पोराच्या हे लक्षात यायला आठवडाभर लागला. मग फ्रिजवर चिठ्ठी आली. इथे राग आला की माणसं बोलत नाहीत, चिठ्ठी लावतात, आणि राग जितका मोठा तितकी भाषा गोड. "पाणी तापवायला गॅस लागतो, तेव्हा नळ चालू ठेवून भांडी न धुतल्यास सर्वांचे मनःपूर्वक आभार." खाली हसरा चेहरा. आपली वहिनी मोरीत पडलेलं पातेलं बघून, हे कुणाच्या बापानं घासायचं, असं अंगणात ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारते आणि पाच मिनिटांत विषय संपतो. इथे ती चिठ्ठी तीन आठवडे हसत होती. तुझ्या सुनेनं तिच्याखाली दुसरी लावली, "साबण पोटात न गेल्यास आम्हीही आभारी राहू." केरळच्या ताईनं तिसरी लावली. ती मासळीच्या भांड्यांबद्दल होती आणि तिचा या भांडणाशी काही संबंध नव्हता, पण एकदा पाटी उघडली की सगळेच लिहून घेतात.

पोलंडवाल्यानं चिठ्ठी लावली नाही. त्यानं त्याहून भयंकर काम केलं, तेही प्रेमापोटी.

म्हशाच्या यात्रेत तू सुनेला लोखंडी तवा घेऊन दिला होतास, आठवतं? यात्रेतली सगळी माणसं बैल बघत होती आणि तू तवे वाजवून बघत होतीस. तो तवा आम्ही कपड्यांत गुंडाळून इथवर आणला. एवढ्या वर्षांच्या भाकऱ्यांनी तो असा काळा, गुळगुळीत झाला होता की तांदळाची भाकरी नुसत्या बोटानं फिरायची. पोलंडवाल्याला तो काळेपणा म्हणजे करपलेली घाण वाटली. मागे ताप आला तेव्हा सुनेनं त्याला दोन दिवस मऊ भात करून दिला होता, त्याची परतफेड करायची होती त्याला. रविवारी ती केअर होममधली ड्युटी करून आली, तर तवा शेगडीवर आरशासारखा लखलखत होता आणि हा पठ्ठ्या हातात तारेची घासणी घेऊन कौतुकाची वाट बघत उभा. "दोन तास लागले," म्हणाला. तिनं त्याला हसून थँक्यू म्हटलं आणि वर येऊन मला अर्धा तास ऐकवलं. त्या रात्रीची भाकरी तव्यावरून उलथन्यानं खरवडून काढली. पोरीनं ती चमच्यानं खाल्ली.

हे सगळं मालकीणबाईंच्या कानावर गेलं आणि त्यांनी बैठक बोलावली. त्यांची मुख्य तक्रार तेलाची होती. सिंकमध्ये तेल ओतायचं नाही, हे त्यांनी एका गोष्टीसह सांगितलं. ती गोष्ट तुला आवडेल. 2017 साली लंडनच्या व्हाइटचॅपल भागात गटारात एक गोळा सापडला. लोकांनी सिंकमध्ये ओतलेली चरबी आणि शौचकूपात टाकलेली पुसण्याची ओली फडकी, असं साठत साठत झालेला. लांबी 250 मीटर, वजन 130 टन. तो फोडायला माणसांना आत उतरावं लागलं, आठवडेच्या आठवडे काम चाललं. आणि पुढच्या वर्षी त्याचा एक तुकडा लंडनच्या संग्रहालयात काचेच्या पेटीत मांडला, लोक बघायला गेले. वहिनीला सांग, तुंबलेल्या मोरीला आता नावं ठेवायची नाहीत, ती ऐतिहासिक वस्तू आहे.

मग मूळ विषय निघाला. सुनेनं बाजू मांडली, वाहत्या पाण्याशिवाय भांडं स्वच्छ होत नाही. इंग्रज पोरानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुमच्या त्या काळ्या तव्याला साबण लागलेला मी कधीच पाहिला नाही. पाणीसुद्धा नाही. तुम्ही तो नुसता फडक्यानं पुसता." सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. आई, तव्याला साबण का लावत नाहीत हे मराठीत मला झोपेतही सांगता येईल. त्या बैठकीत इंग्रजीत सांगताना मात्र मलाच ते पटेना.

केरळच्या ताईचा नवरा तसा अबोल माणूस. त्यानं फोन काढून वाचून दाखवलं. जर्मनीतल्या बॉन विद्यापीठात निरनिराळ्या युरोपीय देशांतल्या माणसांना बोलावून प्रत्येकाला बारा जणांच्या जेवणाची खरकटी भांडी हातानं धुवायला दिली आणि पाणी मोजलं. सरासरी शंभर लिटरच्या आसपास निघाली. स्पेन-पोर्तुगालवाले नळ सोडून धुणारे, ते 170च्या घरात गेले. जर्मनांनी निम्म्याहून कमी पाण्यात भागवलं.

शंभर लिटर म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे तुझं माहेर आलं. टंचाईत टँकरच्या पाण्याचा सरकारी हिशोब माणशी रोज वीस लिटरचा. म्हणजे पाच माणसांच्या घराचं पिण्याचं, स्वयंपाकाचं, धुण्याचं सगळं मिळून दिवसाचं पाणी तेवढंच, जेवढं ही माणसं एका जेवणाच्या भांड्यांवर ओततात. तेही कसाऱ्याकडच्या पाड्यांवर, जिथून धरणं हाकेवर. तानसा 1892 पासून मुंबईला पाणी पाजतोय. मोडकसागर आणि मध्य वैतरणाही आपल्याच भागात. मुंबईचं जवळजवळ निम्मं पाणी एकट्या भातसाचं. हे सगळं मी मोडक्या इंग्रजीत सांगितलं. पोलंडवाला म्हणाला, "मग मुंबई तुमची भांडी घासायला येते का?" येते म्हणावं, शनिवार-रविवारी, फार्महाऊसवर.

मग मी तुझी पद्धत सांगितली. सुनेसमोर तुझं नाव घेतलं नाही, "आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका" असं म्हटलं, रागावू नकोस. खरकटं आधी हातानं निपटून काढायचं. चाळलेली राख आणि काथ्या, कोरड्यावरच घासायचं. मग दोन घमेली. पहिल्यात राख उतरवायची, दुसऱ्यात विसळायचं. सकाळचं दुसरं पाणी संध्याकाळी पहिलं होतं आणि पहिलं जातं अळूला. इंग्रज पोरगा एकदम ताठ बसला. "पहिलं टब तर मी करतोच," म्हणाला, "मी चुकतोय तो फक्त दुसऱ्या टबाला."

सुनेचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. तुला आठवत असेल, लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात ती मोरीत नळ सोडून भांडी विसळायची. बदलापूरची पोर, तिला नळ कधीतरी आटतो हेच ठाऊक नव्हतं. तू मागून यायचीस, एक शब्द न बोलता नळ बंद करायचीस आणि निघून जायचीस. ती परत उघडायची. मे महिनाभर तुम्ही दोघी त्या एका नळावर भांडलात आणि दोघींपैकी कुणी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. तेव्हा मी शेतावर जायचो, काम नसलं तरी. आता सात समुद्र ओलांडून आलो, तर इथे एक गोरा पोरगा तुझी बाजू घेऊन उभा. बैठकीनंतर वर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "तुमच्या आईंना इथं आणलं तर त्याचं आणि त्यांचं जमेल." यात टोमणा किती आणि कबुली किती, ते तू ठरव. मी मध्ये पडणार नाही.

आता सिंकशेजारी दुसरं टब आलंय. पोरगा चार दिवसांतले तीन दिवस विसळतो. शनिवारी रात्री मात्र पहिल्याच टबावर आटोपतो, कारण त्याला दोन टबं चार दिसत असतात. चिठ्ठ्या निघाल्या, केरळच्या ताईची मासळीवाली तेवढी राहिली. पोलंडवाल्याला तव्याचा प्रकार समजला तेव्हा त्यानं कपाळावर हात मारला. तवा परत काळा करायचं काम सध्या त्याच्याकडेच आहे. संध्याकाळी तेल लावतो, अर्धा कांदा काट्याला टोचून चोळतो, तापवतो, गार करतो. भोंगा रोज ओरडतो, त्याला हल्ली कुणी विचारत नाही. भाकरी अजून कडेला धरते.

सूनबाईची चिडचिड बरीच कमी झाली आहे. काल पोरगी दात घासताना नळ सोडून आरशात वेडीवाकडी तोंडं करत होती. सून मागून गेली, नळ बंद केला आणि काही न बोलता निघून आली. मी पेपर वाचत होतो, मान वर केली नाही.

बाबांच्या गुडघ्याचं औषध संपत आलं असेल, दादाला शहापुरातून आणायला सांग. भाताला खत वेळेवर मिळालं का ते कळव. पैसे महिनाअखेरीस पाठवतो.

तुमचा,
धाकटा

ता. क. पौषात दादा म्हशाला जाईल तेव्हा दोन तवे घ्यायला सांग. एक आमच्यासाठी राखीव आणि एक पोलंडवाल्याला, तो पैसे द्यायला तयार आहे. वाजवून तूच बघ, दादाला त्यातलं कळत नाही. माझा वासिंदचा मित्र फेब्रुवारीत इकडे यायचा आहे, त्याच्याकडे दे. सोबत राखेची पुडी बांधू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे, म्हणून आधीच सांगतो. विमानतळावर बॅगेतून दोन तवे निघाले तर समजावून सांगता येईल, राख निघाली तर कुणाची म्हणून सांगायचं त्यानं?