करून टाकू, मग बघू

अण्णांच्या साइटवर कुठल्याही बदलाला नकार नसतो. मालक म्हणाले, "खिडकी सहा इंच डावीकडे बरी दिसली असती," की अण्णा हेल्मेट मागे सरकवून गवंड्याला हाक मारतात, "करून टाक रे!" पैशांचा विषय निघालाच, तर "ते बघू नंतर, साहेब. तुम्ही काय परके आहात का?" हे 'नंतर' फायनल बिलाच्या दिवशी उगवतं, आणि त्या दिवशी सगळेच परके असतात.

बिलिंग माझ्याकडे. त्या सहा इंचांत काय काय दडलेलं असतं, ते मला तोंडपाठ आहे: ब्लॉकची भिंत फोडायची, लिंटेल नव्याने ओतायचं, जुनी फट बुजवायची, आतबाहेर प्लास्टर, गवंड्याची-बिगाऱ्यांची हजेरी, डेब्रिजचा टेम्पो, आणि त्यावर आपले १५ टक्के. अण्णा हिशोब ठेवत नाहीत असं मुळीच नाही. ते शटरिंगच्या प्लायवर पेन्सिलीने लिहून ठेवतात. पुढच्या आठवड्यात ती प्लाय वरच्या स्लॅबला लागते आणि हिशोब एम-२५ काँक्रीटखाली जातो. एकदा स्लॅब उघडल्यावर अण्णांनी मला हाताला धरून नेलं आणि छत दाखवलं. आकडे उलटे उमटले होते. "पुरावा आहे साहेब. फक्त आरसा आणा."

फिडिकच्या आंतरराष्ट्रीय नमुना बांधकाम-करारात जादा रकमेच्या दाव्याची नोटीस २८ दिवसांत द्यायची असते. अण्णांची नोटीस दीड वर्षाने निघते, तीही तोंडी.

म्हणून ऑफिसने सॉफ्टवेअर आणलं. बदल मोबाइलवर नोंदवायचा, फोटो जोडायचा, खर्च टाकायचा; मालकाची मंजुरी आली की मगच हातोडा उचलायचा. अण्णांच्या पहिल्या नोंदीचं नाव होतं 'जरा बदल'. दुसरीचं 'अजून जरा'. रक्कम प्रत्येकी १ रुपया, कारण सॉफ्टवेअर शून्य घेत नाही. मग दर मी भरू लागलो. खिडकीचा खरा आकडा मालकांच्या फोनवर गेला आणि पाच मिनिटांत उत्तर आलं: "राहू द्या, आहे तिथेच छान उजेड येतो." अण्णा दिवसभर घुम्यासारखे बसले. आपल्या उभ्या कारकिर्दीत मालकाने नको म्हटलेलं त्यांनी ऐकलं नव्हतं.

पण त्यांना खरा जाच होता तो 'कारण' या रकान्याचा. त्यात चारच पर्याय: मालकाची मागणी, ड्रॉइंगमधला फरक, साइटची परिस्थिती, आपली चूक. पहिल्या तिन्हींवर बोटं पडून पडून स्क्रीन झिजायची वेळ आली. चौथ्याकडे कुणी बघतही नसे. अण्णा तर पावसापासून सुताराच्या लग्नापर्यंत सगळं 'साइटच्या परिस्थिती'त बसवायचे.

मागच्या महिन्यात चौथ्या मजल्यावरच्या संडासाचं दार उघडताना कमोडला आपटू लागलं. ड्रॉइंग बरोबर होतं. चौकट उलटी बसली होती. रात्री अकराला नोंद आली. चौकट काढणे, फिरवून बसवणे, टाइल्स, मजुरी, सगळं पैशासकट मांडलेलं. वरचे १५ टक्के लावलेले नव्हते. कारण: आपली चूक.

फोटो जोडणं सक्तीचं असतं. अण्णांनी स्वतःचा जोडला होता, हेल्मेट काढून.