प्रयुक्त पाहिजेत

आमच्या पुतणीने वाशिमच्या एका कॉलेजात बी.ए.ला मानसशास्त्र घेतलं, तेव्हा घरात पहिला प्रश्न नोकरीचा निघाला नाही. ही पोरगी आता आपल्या मनातलं ओळखणार की काय, याचीच सगळ्यांना धास्ती. वहिनी तर काही दिवस तिच्या नजरेला नजर देईनात. शेवटी तिने समजावलं की मानसशास्त्र म्हणजे वर्तनाचा आणि मानसिक प्रक्रियांचा शास्त्रीय अभ्यास. त्यात मनकवडेपणा शिकवत नाहीत. यावर आई निराश होऊन म्हणाली, "मंग फी कायची घेतात?"

या शास्त्राची पहिली प्रयोगशाळा विल्हेल्म वुंट यांनी १८७९ साली जर्मनीत लाइपझिगला काढली. आमच्याकडची बैठकीतल्या दिवाणावर निघाली. ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याला प्रयुक्त म्हणतात आणि घरात जो मोकळा सापडेल तो प्रयुक्त, असा नियम ठरला.

सुरुवात स्मृतीपासून. हर्मन एबिंगहाउस नावाच्या जर्मन गृहस्थाने निरर्थक अक्षरगट बनवले, स्वतःच पाठ केले आणि स्वतः किती विसरतो ते मोजत बसला. १८८५ साली त्याने ते पुस्तकात मांडलं. तासाभरात निम्म्याहून जास्त उडून जातं, पुढे विसरण्याचा वेग मंदावतो, असं त्याला आढळलं. अर्थाचा शब्द माणूस जुन्या आठवणीला जोडून टाकतो, मग शुद्ध स्मरणाचं माप मिळत नाही, म्हणून त्याने निरर्थक अक्षरं घेतली. पण तो आमच्या आईला भेटला नव्हता. पुतणीने 'कालद' वाचलं की आई, "कारंजा लाडचे दत्त महाराज," म्हणून हात जोडायची. 'शिपज' म्हणजे शिरपूरचे पारसनाथ, जैनांचे. 'रिमप' म्हणजे रिसोडची मावशी, तिचा पडका वाडा. दुसऱ्या दिवशी विचारलं तर यादी जशीच्या तशी, वर मावशीच्या वाड्याची वाटणी कोणाकोणात झाली हेही. आलेखात रेघ घसरत यायला हवी होती, ती सरळ आडवी गेली. कॉलेजातून शेरा आला : प्रयुक्त बदला.

मग दादा बसला. म्युलर-लायरचा भ्रम, १८८९ सालचा. दोन रेघा, एकीच्या टोकांना बाण आत दुमडलेले, दुसरीच्या बाहेर फाकलेले. सरकती पट्टी हलवून दोन्ही रेघा सारख्या दिसतील अशा करायच्या. दादाने डोळे बारीक करून पट्टी लावली. पुतणीने मोजलं, फरक निघाला. "बाबा, चुकलं."

"तुह्यी मोजपट्टी खरी कायवरून?"

याच दादाने शेताच्या धुऱ्याची सरकारी मोजणी आणली होती, ती मनासारखी निघाली नाही म्हणून पुन्हा आणली होती. या भ्रमाची गंमत अशी की रेघा सारख्या आहेत हे कळल्यावरही डोळ्याला त्या लहानमोठ्याच दिसतात. दादाला ते तत्काळ पटलं. म्हणाला, "हे आपल्या धुरेकऱ्याले दाखव. त्याले तिकडून धुरा कमीच दिसते."

आमच्या घरात हे शास्त्र असं भराभर पटत गेलं. प्रत्येक संकल्पना दुसऱ्याला अगदी मापात बसते.

सगळ्यात रंगलं ते कबुतरांचं. १९४८ साली बी. एफ. स्किनर यांनी भुकेल्या कबुतरांना पिंजऱ्यात ठेवून, ती काहीही करोत, ठराविक वेळाने दाणा दिला. आठपैकी सहा कबुतरांनी आपापलं कर्मकांड बसवलं. एक गोल फिरायला लागलं, दुसरं पिंजऱ्याच्या कोपऱ्यात डोकं खुपसायला लागलं. दाणा आला तेव्हा आपण जे करत होतो त्यामुळेच तो आला, असा जणू त्यांचा हिशेब.

हरभऱ्याला पाणी द्यायच्या दिवसांत आमच्याकडे लाईन रात्रीची. धुरेकरी भाऊ स्टार्टरच्या पेटीला वाळल्या तुराटीने ठोकतात, घसा खाकरतात आणि डीपीकडे पाठ करून उभे राहतात. पूर्वी कधीतरी असं ठोकायला आणि लाईन यायला एकच गाठ पडली असणार. लाईन वेळापत्रकाने येते, पण श्रेय तुराटीला. नाही आली तर ठोकण्यात कसर राहिली! पुतणीने कबुतरांचं वाचून दाखवलं तेव्हा दादा हसून लोळला. मी विचारलं, "मग तू डोक्याला रुमाल गुंडाळून विहिरीला उजवीकडून फेरा का मारतोस?"

"थंडी असते नं बाप्पा. पाय मोकळे करतो."

"आणि डावीकडून?"

"डावीकडून लाईन येत नाई."

खाण्याआधीची खूण मिळाली की लाळ गाळणारा पाव्हलोव्हचा कुत्रा त्या मानाने साधा. लाईन येऊन गोठ्यातला बल्ब पेटला की दादाचा हात घास सोडून बॅटरीकडे जातो, तेवढंच ते प्रकरण. पाव्हलोव्ह यांना १९०४ सालचं नोबेल मिळालं ते पचनक्रियेवरच्या कामाला. दादाचं पचन मात्र या बल्बनेच बिघडवलं आहे.

१९७१ साली जोन्स आणि निस्बेट या दोघांनी मांडलं की आपल्या वागण्याचं कारण माणूस परिस्थितीत शोधतो आणि दुसऱ्याच्या वागण्याचं त्याच्या स्वभावात. आमच्या शेतात हे दरवर्षी सिद्ध होतं. आपलं सोयाबीन गेलं तर पावसाने दगा दिला. धुरेकऱ्याचं गेलं तर तो आळशीच. दोन शेतांमध्ये फक्त एक धुरा, तोही वादातला. पाऊस मात्र दोन्हीकडे सारखा पडतो. मी हे दादाला सांगितलं. त्याचं उत्तर, "तो स्वभावानंच तसा हाय, त्याले पाऊस काय करीन?"

पुतणीचं जर्नल आता तपासणीला जायचं आहे आणि घरातले प्रयुक्त संपले. वाशिम, मालेगाव, मंगरुळपीर, मानोरा, कुठूनही या. चहा मिळेल. निष्कर्षाची काळजी नसावी, तो धुरेकऱ्याच्या नावावर टाकू.