समुद्रावरील वाऱ्यास खुले पत्र

प्रति,
श्री. वारा, रा. सर्व महासागर.

विषय : पाण्याखालील गोंगाटाची जबाबदारी निश्चित करणेबाबत.

उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, समुद्रात आवाज फार वाढल्याची तक्रार आहे. मालवाहू जहाजांचे नाव घेणे व्यापाराच्या दृष्टीने गैरसोयीचे असल्याने दोष वाऱ्याकडे वर्ग करण्यात येत आहे. वारा यात सराईत आहे. तो लाटा उठवतो, फुटणारी लाट हवा पाण्यात कोंडते आणि त्यातून सुटलेला प्रत्येक बुडबुडा थरथरून बारीक सूर काढतो. असंख्य बुडबुडे मिळून समुद्राची अखंड सळसळ होते.

जहाजाचा मुख्य आवाजही बुडबुड्यांचाच, हे नाइलाजाने नमूद करावे लागते. पंखा जोरात फिरला की पात्यांवर दाब इतका उतरतो की थंड पाण्याचीच वाफ होते. दाब पूर्ववत होताच ते बुडबुडे चिरडले जातात. कांशाची पातीसुद्धा त्या माऱ्याने कुरतडली जातात.

फिर्यादीत अडचण एकच, ती म्हणजे वारंवारतेच्या पट्ट्यांची. 1962 मध्ये गॉर्डन वेन्झ यांनी समुद्रातल्या आवाजांची वर्गवारी मांडली. साधारण 500 हर्ट्झच्या वरचा आवाज मुख्यत्वे वाऱ्याचा, त्याखालचे काही दशक ते काहीशे हर्ट्झ दूरवरच्या जहाजांचे. कॅलिफोर्नियाच्या सॅन निकोलस बेटाजवळ 1960च्या दशकानंतर 2003-04 मध्ये पुन्हा मोजणी झाली, तेव्हा 30 ते 50 हर्ट्झमध्ये 10 ते 12 डेसिबलची वाढ आढळली, म्हणजे तीव्रता दहापट किंवा त्याहून अधिक. हा पट्टा जहाजांचा. मोठे देवमासेही नेमके खालच्याच सुरांत बोलतात. फिन व्हेलची हाक 20 हर्ट्झच्या आसपास असते.

2001च्या 11 सप्टेंबरच्या दहशतवादी हल्ल्यांनंतर कॅनडाच्या फंडी उपसागरात जहाजे रोडावली. आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरला आणि तिथल्या राइट व्हेलच्या विष्ठेतील ताणाच्या संप्रेरकांचे प्रमाणही घटले. वाऱ्याने त्या दिवसांत रजा टाकल्याची नोंद नाही.

वेग कमी केला की बहुतेक जहाजांचा आवाज लगेच घटतो. व्हँकूव्हर बंदराच्या पुढाकाराने 2017 मध्ये हॅरो सामुद्रधुनीत ओर्कांसाठी हे करून पाहण्यात आले. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनेही 2014 मध्ये शांत जहाजांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि 2023 मध्ये त्या सुधारल्या. सूचना ऐच्छिक आहेत, त्यामुळे जहाजांवर कारवाईचा प्रश्न उद्भवत नाही.

सबब, जहाजांच्या पट्ट्यातील वाढीव आवाजाबाबत वाऱ्याने सात दिवसांत लेखी खुलासा सादर करावा.