१५० ग्रेनचा बार

(कोलोरॅडोतलं बंदुकांचं दुकान. ठासणीच्या बंदुकांनी एल्क हरणांच्या शिकारीचा हंगाम तोंडावर आलेला.)

गिऱ्हाईक : एल्क मारायचाय, तोही २०० यार्डांवरून. ५० ग्रेन वजनाच्या दारूच्या ३ वड्या, प्लॅस्टिकच्या टोपीतली गोळी आणि वर दुर्बीण. बांधा.

दुकानदार : वड्या, टोपी, दुर्बीण, तिन्हींना आपल्या राज्यात या हंगामात बंदी आहे. सुटी दारू, शिशाची लांब गोळी आणि उघड्या डोळ्यांचा नेम, एवढ्यावर भागवायचं.

गिऱ्हाईक : मग सुटीच १५० ग्रेन द्या! दारू जास्त तर गोळी लांब, हे शेंबडं पोरही सांगेल.

दुकानदार : सांगेल, म्हणून तर त्याच्या हाती बंदूक देत नाहीत. काळी दारू जळते तेव्हा तिच्या वजनाचा अर्ध्याहून जास्त भाग वायू होतच नाही. धूर आणि काजळी होऊन घनच राहतो. म्हणजे वाढवलेल्या दारूतली बरीचशी गोळीला ढकलण्याऐवजी स्वतःच ढकलली जाते, आणि धक्का बसतो तुमच्या खांद्याला. वेग वाढतो, पण त्या प्रमाणात नाही. १८५०च्या दशकातली व्हिटवर्थ रायफल घ्या. ५३० ग्रेनची गोळी, दारू सुमारे ७० ग्रेन, आणि नेमबाजी १००० यार्डांवर! कमाल होती ती नळीच्या आतल्या, २० इंचांत एक फेर घेणाऱ्या पिळाची आणि त्यात चपखल बसणाऱ्या लांब गोळीची. तुमच्या नळीचा पीळ लांब गोळीला पुरणारा नसेल, तर दारूचं पिंप ओतलंत तरी ती डुलतच जाणार.

गिऱ्हाईक : त्याच रायफलीने व्हिक्टोरिया राणीने ४०० यार्डांवर निशाण्याच्या मध्याजवळ गोळी मारली होती. मी तर निम्मंच अंतर मागतोय.

दुकानदार : १८६०, विम्बल्डन. बंदूक चौकटीत आवळलेली होती, राणीसाहेबांनी नुसती दोरी ओढली. चौकट पाठीवर घेऊन डोंगर चढणार असाल तर बोला. नाहीतर हिशेब ऐका. सेकंदाला १५०० फुटांनी निघालेली, १०० यार्डांवर नेम जुळवलेली लांब गोळी २०० वर साधारण २ फूट खाली येते. अंतराचा अंदाज २५ यार्डांनी चुकला, की आणखी जवळपास फूटभर. एका बाराचा वेग दुसऱ्यापेक्षा ५० फुटांनी वेगळा पडला, तर तिथे ३ इंच वरखाली. पहिली चूक अंतर मोजून टळते. दुसरी टळते दर वेळी तेवढीच दारू भरून आणि गजाने तेवढ्याच दाबाने ठासून. मूठभर जास्त ओतून यातली एकही टळत नाही.

गिऱ्हाईक : आणि वेग कमी पडून जनावर जखमीच पळालं तर?

दुकानदार : हा प्रश्न मात्र लाखाचा. त्याचं उत्तर जवळ जाणं आणि जड लांब गोळी. गोल गोळी १०० यार्डांतच निम्म्याहून जास्त ऊर्जा गमावते.

गिऱ्हाईक : सरावात माझी पाचवी गोळी बरोब्बर मध्ये लागते हो.

दुकानदार : एल्क पाचवीपर्यंत थांबेल? नळी पुसा, गार होऊ द्या, मगच पुढचा बार. कामाची ती स्वच्छ, गार नळीतली पहिलीच. ७० ग्रेनपासून ५-५ ने वाढवत जा, बंदूक बनवणाऱ्याने सांगितलेल्या मर्यादेच्या आत. गोळ्या सगळ्यांत जवळजवळ पडतील तिथे थांबा. आणि बिनधुराची दारू चुकूनही नको, नळी फुटेल.

गिऱ्हाईक : बरं, द्या डबा. पण माप भरताना... वरून चिमूटभर?

दुकानदार : ही काय कोथिंबीर आहे?