वॅटदार

लांज्याच्या बाजारपेठेत त्याची गाडी नंबरपाटीवरून कुणी ओळखत नाही. वाकेडच्या बाजूने आधी धपधप येते, मग दुकानांची शटरं थरथरतात आणि त्यानंतर सावकाश गाडी येते. जुनी मारुती, एमएच ०८. सीटचा स्पंज बाहेर आलेला, दोनपैकी एकच वायपर चालतो (आणि राहायचं कोकणात!). पण डिकी उघडावी, तर खाली गालिचा, त्यावर ओळीने तीन अँप्लिफायर आणि शेजारी १२ इंची सबवूफर. गाडी कितीला देणार असं कुणी विचारलं, तर तो उलट विचारतो, ‘सिस्टीम धरून की नुसती?’

त्याला गाण्यांची आवड आहे हा लोकांचा गैरसमज. अख्खं गाणं त्याने कधी ऐकलेलं नाही. ढोल पडायच्या जरा आधीपासून लावायचं, बोट वर करून ‘आता बघा हां, काका’ म्हणायचं आणि ढोल पडला की पुढचं लावायचं. गायक त्याच्या लेखी मध्येमध्ये करतो.

त्याचा जीव वायरिंगमध्ये. गाडीत बसलेल्या प्रत्येकाला, मग तो विलवडे स्टेशनला गाडी पकडायला निघालेला चाकरमानी का असेना, हा पाठ ऐकावाच लागतो. बॅटरीच्या प्लसवरून जाड वायर थेट डिकीत न्यायची. अस्सल तांब्याची, मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची नव्हे. बॅटरीपासून हातभराच्या आत मोठा फ्यूज. तो अँपसाठी नाही, वायर पेटू नये म्हणून. डिकीत वाटणीचा ठोकळा; तिथून तिघांना तीन वायरी आणि प्रत्येकाला आपापला फ्यूज. निगेटिव्ह मात्र तिन्हींची एकाच जागी, रंग खरवडून, चकचकीत पत्र्यावर आवळलेली. ‘चुली वेगळ्या, देव्हारा एक,’ तो सांगतो. त्याच्या घरी सातबाऱ्यावरून चुलत्यांशी असं वाजलंय की तिथे देव्हारेही तीन झालेत. पण डिकीत अजून भांडण नाही. देव्हारे वेगळे झाले की इंजिनाची कुंई स्पीकरमधून येते आणि ॲक्सिलरेटर दाबला की चढते, हे त्याने इतरांच्या गाड्यांत ऐकलंय. म्हणून सिग्नलच्या वायरी डाव्या अंगाने, करंटची उजव्या अंगाने. डेकमधून येणाऱ्या बारीक निळ्या वायरीवर तिघांना जागं करायचा भार नको म्हणून मध्ये रिले.

एवढा हिशेबी माणूस एकच हिशेब टाळतो. तिघांचे मिळून १००० वॅट. चालू गाडीत १३.८ व्होल्ट धरले आणि एक थेंब करंट वाया गेला नाही असं मानलं, तरी ७० च्या वर अँपिअर लागतात. त्या गाडीच्या अल्टरनेटरने एवढं आणायचं कुठून? मग ढोल पडला की हेडलाइट मंद होतात. रात्री आंजणारीच्या घाटात समोरच्या ट्रकवाल्याला वाटतं, हा डिपर देतोय, तोही देतो. याला वाटतं, त्याला गाणं आवडलं.

एकदा हायस्कूलच्या मास्तरांनी त्याला समजावलं. ‘अरे, वॅट दुप्पट केलेस तरी आवाज वाढतो ३ डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला वॅट साधारण १० पट लागतात.’ एखाद्याने हाय खाल्ली असती. हा विचारात पडला आणि म्हणाला, ‘मग मागची सीट काढावी लागंल, सर.’

घरात त्याच्या या वॅटांना किंमत नाही. आई गाडीत बसली की आवाज आपोआप खाली येतो आणि डबलबारीचं भजन लागतं. तेही ऐकून ती म्हणते, ‘पखवाज लय झालो रे, बुवा काय बोलतो ता कळंना.’

पण शिमग्याच्या तोंडावर देवळातला माइक घूंऽऽ करू लागला की गावाला तोच आठवतो. तो येतो, स्पीकरला हात लावत नाही, आधी वायरी बघतो. मिक्सरचं अर्थिंग एका भिंतीला, अँपचं दुसऱ्या. दोन्ही एकत्र आणतो, सिग्नलची वायर लाइटच्या वायरीपासून लांब सरकवतो आणि घूं बंद. कमिटीचे काका खिशात हात घालतात. तो पैशांना नको म्हणतो. फक्त विचारतो, ‘एकदा फुल करून बघू काय?’

काका घाईघाईने चहा मागवतात.