देवाला वॉर्ड सांगणारी माणसे

आजाऱ्याच्या उशाशी चाललेली काहींची प्रार्थना ऐकली की वाटते, देवाकडे केसपेपर पोचलेलाच नाही. “हे प्रभू, तुझे हे लेकरू, दुसऱ्या मजल्यावर, खिडकीकडच्या खाटेवर... कालपासून साखर तीनशेच्या खाली येत नाही, आणि मोठे डॉक्टर उद्या अकराला राउंडला येणार आहेत...” मग आवाज किंचित चढतो. “आणि प्रभू, घरातल्यांनाही आजीकडे लक्ष द्यायची सद्बुद्धी दे!” पायथ्याशी सूनबाई डोळे मिटून उभी असते. हा अर्ज वर गेला की तिच्याकडे आला, हे तिला बरोबर कळते.

माणसे वाईट नसतात. पाळकसाहेब असोत, मंडळीतले वडील असोत की महिला मंडळ, आडवाटेने, दोन बस बदलून आलेली असतात. पण इतके लांब येऊन नुसते बसायचे? मग कुणी वचनांवर वचने म्हणतो, कुणी आपल्या मेहुण्याच्या बायपासची साक्ष देतो. आजीला बरे करायची सारी जबाबदारी जणू आपल्याच जिभेवर आहे!

या बाबतीत ईयोबाचे तीन मित्र आपले पूर्वज. अलीफज, बिल्दद आणि सोफर. त्याची दशा पाहून ते सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. इथेच निरोप घेतला असता तर जगभरच्या पाळकांना त्यांचा धडा दिला गेला असता. पण त्यांनी तोंड उघडले, आणि पुढचे वीसेक अध्याय ते देवाची बाजू मांडत राहिले. देवाने वकीलपत्र दिलेच नव्हते. शेवटी तो रागावला तो या तिघांवर, आणि त्यांच्यासाठी प्रार्थना कुणी करायची, तर ईयोबाने! म्हणजे पेशंटने, भेटायला आलेल्यांसाठी.

एलीया मरण मागत झुडपाखाली पडला, तेव्हा देवदूतानेही प्रवचन केले नाही. ऊठ, खा, एवढेच. भाकर, पाणी, झोप. आणि पुन्हा तेच.

आता ‘देव बघून घेईल’ म्हणून घरीच पाय पसरणारेही आहेत. त्यांनी पंडिता रमाबाईंच्या केडगावला जाऊन यावे. रमाबाईंनी सगळी भिस्त देवावर ठेवली, पण दुष्काळातल्या मुलींना आणायला त्या स्वतः गेल्या, आणि बायबलच्या भाषांतरासाठी हिब्रू आणि ग्रीकही स्वतःच शिकल्या. व्याकरण घोकायला देवदूत आला नाही.

मला वाटते, देवावर विसंबणाऱ्याची खरी परीक्षा एका प्रश्नापाशी होते. रोगी विचारतो, “हे माझ्याच वाट्याला का?” स्वतःवर विसंबणारा लगेच उत्तर देतो आणि ते बहुधा चुकते. दुसरा म्हणतो, “मला नाही माहीत, आजी,” आणि खुर्ची थोडी जवळ ओढतो. हा दुसरा मला अधिक श्रद्धावान वाटतो. उत्तर देणारा आपण सोडून कुणीतरी आहे, एवढे तरी त्याने मानलेले असते.

तेव्हा येत्या रविवारी उपासनेनंतर दवाखान्यात जाणार असाल, तर प्रार्थना जरूर करा, पण आटोपशीर. खाटेचा नंबर देवाला माहीत आहे, आणि आजीचा डबा निवत असतो.